फक्त वेळेवर या

आमच्या काउंटीच्या रोजगार मंडळात माझं मुख्य काम म्हणजे मालकांच्या दारात जाऊन उभं राहायचं. नदीकाठच्या रस्त्याने गाडी हाकत मी कारखाना, गोदाम, टायरचं दुकान, वृद्धाश्रम, सगळीकडे जाते. कार्ड देते, हसते आणि सांगते की आमच्याकडे माणसं आहेत. आमच्याकडून माणूस घेतलात तर सुरुवातीचे काही महिने त्याचा अर्धा पगार सरकार भरेल, हेही सांगते. मालक माझं कार्ड खिशात घालतात आणि सगळे जण एकच वाक्य बोलतात. "लोइस, मला फार काही नको गं. फक्त वेळेवर येणारा आणि ड्रग टेस्ट पास होणारा माणूस दे. बाकी सगळं आम्ही शिकवतो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसते ओठ हलले तरी कळतं. त्याचा अर्थ असतो, या आता, म्हणजे निघा. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. शॉना रॅटलिफला तेवढं ठाऊक नव्हतं, किंवा असूनही तिला ते परवडणारं नव्हतं.

शॉना माझ्याकडे आली तेव्हा तिच्याकडे एक चांगला कोट होता आणि कोर्टाची तारीख होती. पाठीच्या दुखण्यासाठी घेतलेल्या गोळ्यांच्या नादाला लागून तिने घर घालवलं होतं, नवरा आधीच सोडून गेला होता, आणि मुलगी, जोसी, सरकारने शेजारच्या काउंटीतल्या एका कुटुंबाकडे ठेवली होती. गोळ्या सुटून आता वर्ष उलटून गेलं होतं. भाड्याची खोली झाली होती. न्यायाधीशबाईंनी शेवटची एकच अट ठेवली होती की महिनाअखेरच्या सुनावणीला येताना नोकरी घेऊन ये. नाहीतर जोसी त्याच कुटुंबाला कायमची दत्तक जाणार होती.

"कुठलीही चालेल, मिस लोइस," ती म्हणाली. "संडास धुवायचं असेल तरी चालेल. फक्त कोणीतरी म्हणायला हवं की ही आमच्याकडे आहे."

मी तिला घेऊन दारोदार फिरले. टेस्ट ती प्रत्येक वेळी पास व्हायची, पण गोळ्यांची जुनी केस कागदावर दिसली की मालकांचा आवाज मऊ व्हायचा. मऊ आवाजाची मला चीड आहे. तोंडावर नाही म्हणणारा माणूस त्याहून बरा, निदान आपण पुढच्या दारात तरी जातो.

दर वसंतात आमचं मंडळ मालकांसाठी नाश्ता ठेवतं. जागा ठरलेली, अग्निशमन दलाचा हॉल. पॅनकेक, सॉसेज, अंडी आणि हवी तेवढी कॉफी. नोकरी शोधणाऱ्यांना आम्ही छातीवर नावाची चिठ्ठी लावून भिंतीपाशी एका टेबलावर बसवतो, म्हणजे मालकांनी उठून त्यांच्याशी बोलावं. मालक कधी उठत नाहीत. ते एकमेकांशी हिरवळीच्या निगेबद्दल आणि गुडघ्यांच्या ऑपरेशनांबद्दल बोलतात, पोटभर खातात आणि जातात. मग आमच्या अहवालात लिहिलं जातं की इतक्या मालकांशी संपर्क साधला.

या वर्षी मला वाटलं की आपणच या माणसांना मालकांच्या नाकासमोर नेऊ. म्हणून भिंतीपाशी बसवायच्या ऐवजी मी सगळ्यांच्या हातात कॉफीची किटली दिली. ओतायला वाकतील तेव्हा नाव दिसेल, दोन शब्द होतील, असा माझा हिशेब. पण झालं असं की मालकांना ती हॉलची वाढपी माणसं वाटली. कप पुढे करताना एकानेही मान वर केली नाही. काहींनी तर बशीखाली डॉलरच्या नोटा ठेवल्या. माझ्या त्या हुशारीची मला तिथेच लाज वाटायला लागली होती.

शेवटी मंडळाचे अध्यक्ष बोलायला उठले. कायद्यानेच आमच्या मंडळात निम्म्याहून जास्त मालक असावे लागतात, त्यामुळे मालकांना साद घालणारं हे मंडळ मुळात मालकांचंच. अध्यक्ष ग्लेन केसिंगर. आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणं बनवणारा त्याचा कारखाना, गावात उरलेला जवळजवळ शेवटचा. धुऊन इस्त्री केलेला शर्ट, मोठा आवाज, चर्चमध्ये पुढच्या बाकावर. वाईट माणूस नव्हे. तसा असता तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

ग्लेन नेहमीचंच बोलला. आपल्याकडे काम आहे, माणसं नाहीत. जो वेळेवर येईल त्याला माझ्या कारखान्याचं दार उघडं आहे, त्याचा भूतकाळ मी विचारणार नाही.

शॉना त्याच्या शेजारच्या टेबलापाशी किटली धरून उभी होती. ती म्हणाली, "मी येईन."

आवाज काही मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मग कोणीतरी हसलं आणि सगळेच हसले, म्हणजे चांगल्या मनाने हसले, कौतुकाने. ग्लेन क्षणभर अडखळला. गावच्या वर्तमानपत्राची पोरगी कॅमेरा घेऊन समोरच होती. त्याने पुढे होऊन शॉनाचा हात हातात घेतला. "सोमवारी सकाळी सहाला ये, बाई. फक्त वेळेवर ये."

टाळ्या झाल्या, फोटो निघाला. मीही टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्या नाश्त्यातून कोणाला नोकरी लागल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. शनिवारी शॉनाची जोसीशी भेट असायची. तिने लेकीला फोटो दाखवला आणि सांगितलं की आता फक्त थोडेच दिवस.

सोमवारी सातला तिचा फोन आला. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे तिचं नाव नव्हतं. ती जेवणाचा डबा घेऊन बाहेर उभी होती. मी ग्लेनला फोन लावला. तो म्हणाला की या आठवड्यात गडबड आहे, पुढच्या आठवड्यात बघू, तू काळजी करू नकोस. मी शॉनाला तसं सांगितलं आणि घरी जायला लावलं.

मंगळवारी ती परत गेली. बुधवारीही. मी तिला म्हटलं की उगाच जाऊ नकोस, मी कळवते. तर म्हणाली, "आणि नेमकं मी नसताना त्यांनी नाव घेतलं तर? म्हणतील, बघा, आलीच नाही. तेवढंच तर मागितलंय त्यांनी."

मला तिला सांगता आलं असतं की हे वाक्य ते सगळ्यांनाच म्हणतात, ते म्हणायचं असतं, त्यावर विसंबून कोणी सहाला फाटकावर उभं राहायचं नसतं. पण ते वाक्य तिच्यापर्यंत घेऊन जाणारी मीच होते. माझा पगार त्याच वाक्यावर चालतो.

रोज सकाळी ती उभी राहायची. पहिल्या पाळीचे लोक तिला ओळखायला लागले. पहारेकरी तिला पहाटेच्या थंडीत आपल्या केबिनमध्ये बसवायचा. कोणीतरी तिला "नवी मॅनेजर" म्हणून चिडवायचं आणि ती हसायची. दुपारी ती माझ्या ऑफिसात यायची आणि आम्ही दुसरीकडे अर्ज करायचो, तिकडूनही मऊ आवाजातच उत्तरं यायची. तारीख जवळ येत होती. मी ग्लेनला फोन करायचे, तो उचलायचा नाही.

मग एके दिवशी त्यानेच मला बोलावलं. त्याच्या खोलीत भिंतीवर नाश्त्याचा तो फोटो आधीच फ्रेम करून लावलेला होता. ग्लेनने दार लावून घेतलं आणि सांगितलं की कारखाना विकला. घेणारे यंत्रं उचलून दक्षिणेत नेणार आहेत. शुक्रवार शेवटचा दिवस. कारखाना लहान, म्हणून आधी नोटीस द्यायचीही कायद्याची सक्ती नव्हती.

"तुम्ही ते करता ना, काम गेलेल्यांसाठी," तो म्हणाला. "तू तुझे ते माहितीचे फोल्डर घेऊन ये. माझ्या लोकांना नीट सांग. तुझ्या तोंडून बरं वाटेल."

मी विचारलं, "नाश्त्याच्या दिवशी तुला माहीत होतं?"

"वकिलांनी बोलायला मनाई केली होती, लोइस. ती पेपरवाली समोर उभी. मी काय म्हणायला हवं होतं?"

"काहीच नाही म्हणायचं. कॉफी प्यायची."

"मला वाटलं दोन-चार दिवसांत ती कंटाळेल," तो म्हणाला. "सगळेच कंटाळतात."

मला भयंकर राग आला होता. तरी मी शुक्रवारची वेळ विचारून घेतली, कारण तेही माझंच काम.

शॉनाला मी त्याच संध्याकाळी तिच्या खोलीवर जाऊन सांगितलं. जोसीसाठी तिने भिंतीला पिवळा रंग दिला होता, पलंगावर नवी चादर होती. तिने सगळं ऐकून घेतलं, रडली नाही. चहा करू का म्हणाली. मी नको म्हटलं आणि निघाले, आणि गाडीत बसून मात्र मी रडले.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर जेवणाच्या खोलीत सगळे जमले. ग्लेन दोन वाक्यं बोलला आणि बाहेर गेला. मग मी उभी राहिले. बेकारी भत्त्याचा अर्ज कसा करायचा, नवं शिकायला पैसे कुठून मिळतील, असलं सगळं मी मंडळाच्या ठरलेल्या शब्दांत सांगत होते. कोणी ऐकत नव्हतं. झाकणांचं काम वीस-वीस वर्षं केलेली माणसं जमिनीकडे बघत बसली होती. बोलता बोलता मी निळे फोल्डर वाटत होते, ज्यांच्यावर लिहिलेलं असतं "आता पुढे काय?", आणि मागच्या रांगेत पोचले तर तिथे शॉना बसलेली.

पहारेकऱ्याने तिला आत सोडलं होतं. शेवटच्या दिवशी कोणाला अडवायचं, असं त्याला वाटलं असेल. शेजारच्या बाईने सरकून तिला जागा करून दिली होती.

"एक मला," शॉना म्हणाली.

"शॉना, हे इथल्या लोकांसाठी आहे."

"मी रोज आलेय, मिस लोइस. यातल्या काही जणांपेक्षा जास्त वेळेवर आलेय."

शेजारची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "द्या की तिला. आता आम्ही तरी कुठे इथले आहोत?"

मी दिला.

पुढच्या आठवड्यात सुनावणी होती. मी शॉनाच्या बाजूने बोलायला गेले होते. ती तोच चांगला कोट घालून आली होती आणि तिच्या मांडीवर तो निळा फोल्डर होता. तो पाहिल्याबरोबर ती काय करणार आहे ते मला कळलं. मी तिला थांबवलं नाही. उलट मी मनाशी ठरवूनच टाकलं की विचारलंच तर शपथेवर सांगायचं, हो, हिला तिथे घेतलं होतं. आयुष्यात कधी शपथेवर खोटं बोलले नाही, पण त्या दिवशी मी तयार होते. नोकरी लागून गेली, यात बाईचा काय दोष, असं कोर्ट म्हणेल, आणखी मुदत देईल, एवढीच आमची आशा.

न्यायाधीशबाईंनी नोकरीचं विचारलं. शॉनाने फोल्डर पुढे केला आणि म्हणाली, "केसिंगरकडे होते. झाकणांच्या कारखान्यात. शुक्रवारी बंद झाला."

न्यायाधीशबाईंनी फोल्डर हातातही घेतला नाही. नुसता दुरून पाहिला. तो त्यांच्या ओळखीचा असणार, या गावात प्रत्येक घरात एखादा पडलेला असतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"माझा चुलतभाऊ तिथेच होता," त्या म्हणाल्या. "फार वाईट झालं, मिस रॅटलिफ. तुमच्यावर माझा विश्वास आहे. म्हणजे आज तुमच्याकडे नोकरी नाही."

"नाही," शॉना म्हणाली.

बस, एवढंच. खरं बोललो असतो तरी हेच झालं असतं आणि खोटं बोलूनही हेच झालं. काउंटीचा वकील उठला. मुलीला त्या घरी येऊन किती काळ झाला, ती शाळेत कशी रमली आहे, ते कुटुंब तिला दत्तक घ्यायला कसं तयार आहे, हे त्याने शांतपणे सांगितलं. त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. न्यायाधीशबाईंनी आणखी मुदत दिली नाही. जोसीचा निरोप घ्यायला एक भेट ठरवून दिली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्ही बाकावर बसलो. पुढच्या खटल्याची माणसं आमचे पाय ओलांडून आत जात होती. शॉनाने फोल्डरचे दुमडलेले कोपरे अंगठ्याने सरळ केले आणि तो माझ्या हातात दिला.

"हा परत घ्या. मी आत काही लिहिलेलं नाही. कोणाला तरी लागेल."

मी घेतला. ती कोटाची बटणं लावत उठली, दोन पावलं गेली आणि परत आली. तक्रार करायला नव्हे, तिला खरंच विचारायचं होतं. तेच विचारायला माणसं माझ्याकडे येतात आणि तेच सांगण्याचा मला पगार मिळतो.

"मला आता पाचलाच जाग येते, मिस लोइस. उठून जाऊ कुठे?"

मी हातातल्या फोल्डरकडे पाहिलं, त्यावरही तेच छापलेलं होतं: आता पुढे काय?