डॅशबोर्डवरची थाप

वीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतोय आणि वीस वर्षं ओरडतोय. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. बायको म्हणते, तुम्ही गाडीत बसलात की हॉर्नची गरजच नाही. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मी तो दाबतो आणि मग तोंडाचा पट्टा सोडतो. ओरडल्याशिवाय कुणी शिकत नाही, असं मी छाती फुगवून सांगत असे.

मग सिस्टर आल्या. चाळिशीतल्या नर्स. घरोघरी जाऊन रुग्ण बघायची नोकरी मिळाली होती, पण लायसन्स महिनाभरात हवं होतं. परीक्षेत दोनदा नापास, तेही एकाच ठिकाणी. परीक्षक मध्येच डॅशबोर्डवर थाप मारून "थांबा!" म्हणून ओरडतो, तेव्हा गाडी तिथल्या तिथे थांबवायची असते. बाकी त्या अशी गाडी चालवत की भरलेल्या पेल्यातला चहा सांडू नये.

पहिल्याच दिवशी आरसा नीट करायला मी हात वर केला. त्यांनी मान खाली घातली, कोपर कानापर्यंत नेलं आणि स्टिअरिंग सुटलं. मी माझा ब्रेक दाबला म्हणून बरं. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"वडील," त्या पत्ता सांगावा तशा म्हणाल्या. "त्यांचा हात उठला की गोठून बसायचं, म्हणजे मार लवकर संपायचा. सहा वर्षांची होते मी. मेंदू घडत असतो हो त्या वयात. माझ्या मेंदूने तेवढा एकच धडा घोटून घोटून पाठ केला. पुढे झोप उडाली, जीव घाबरा व्हायचा, गोळ्याही झाल्या. डॉक्टर म्हणतात, जुनं पुसलं जात नाही, पण शेजारी नवं लिहिता येतं."

त्या बापाचा मला इतका राग आला की हात शिवशिवले. पण या बाईंसमोर हात शिवशिवून काय उपयोग!

"मग लिहूया की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी आधी सांगून थाप मारू लागलो. "सिस्टर, मारतो हं," आणि एका बोटाने टकटक. मग दोन बोटं. मग तळवा. पहिला आठवडा माझाच ब्रेक लागत राहिला. हळू बोलून बोलून माझा घसा बसला. तिसऱ्या आठवड्यात न सांगता थाप मारली. कोपर उठलं, पण पाय ब्रेकवर आधी पोचला.

"जिंकलात!" मी ओरडलो आणि जीभ चावली. त्या हसत होत्या.

परीक्षेला मी मागच्या सीटवर. पायाखाली नुसती चटई. परीक्षक चांगला दांडगा, आणि त्याने थाप मारली ती डॅशबोर्ड फुटेल अशी. मी चटई दाबली. सिस्टरचं कोपर बोटभर हललं आणि गाडी सरळ रेषेत थांबली. त्याने कागदावर खूण केली आणि पुढचं वळण सांगितलं.

पास झाल्याचा कागद घेऊन बाहेर आलो, तेव्हा आनंदाच्या भरात मी टाळीसाठी हात उंच उचलला आणि तसाच गोठलो. खाली घ्यावा तरी पंचाईत, ठेवावा तरी पंचाईत.

सिस्टरनी हाताकडे पाहिलं. मान हलली नाही.

"मास्तर, हात अवघडेल," त्या म्हणाल्या, आणि अशी सणसणीत टाळी दिली की माझा तळवा संध्याकाळपर्यंत चुरचुरत होता.