थंड्या येऊन गेला

ओतकारखान्यात वितळलेल्या लोखंडाची बादली दोघांनी उचलायची असते. मधे बादली, दोन्ही बाजूंना लांब दांडी, एका टोकाला एक गडी, दुसऱ्या टोकाला दुसरा. पावलाला पाऊल जुळलं पाहिजे. एकानं हात सोडला, तर दुसऱ्याची राखसुद्धा गोळा करता येत नाही.

अशीच बादली नेताना एकदा पुढच्या गड्याच्या बुटात लोखंडाचा थेंब गेला. हूं नाही की चूं नाही. तो तसाच चालत साच्यापर्यंत गेला, लोखंड ओतलं, बादली खाली टेकवली आणि मग बसून बुटाची नाडी सोडायला लागला. बूट निघाला तो कातडं घेऊनच. फोरमन धावत आला, पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "बाप रे! काय थंड माणूस आहे हा!"

झालं. एक शब्द बोलून फोरमन मोकळा झाला. तू खरंच थंड आहेस का, असं त्या गड्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की किंकाळी एवढी मोठी होती की ती घशातून बाहेरच पडली नाही, आणि मागच्या टोकाला दोन लेकरांचा बाप होता. पण तो दवाखान्यातून लंगडत परत आला तोवर 'थंड'चं 'थंड्या' झालं होतं. पगार वाटणारा कारकूनही खिडकीतून 'थंड्या' अशीच हाक मारायचा. आईबापानं ठेवलेलं नाव त्याच्या म्हाताऱ्या आईच्या तोंडी तेवढं उरलं होतं. ती गेली, आणि ते नाव घेणारं तोंडच राहिलं नाही.

नाव पडलं की नावाचं कामही गळ्यात पडतं. पुढे एकदा भट्टीवर अपघात झाला. माणूस जागच्या जागी गेला. घरी कोण सांगणार? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. फोरमन म्हणाला, "थंड्याला पाठवा. तो थंड डोक्यानं सांगेल."

तो गेला. पण त्या बाईचा चेहरा बघून जीभ अडखळली आणि तो म्हणाला, "जरा लागलंय त्यांना." ती बाई लगबगीनं आत गेली आणि दवाखान्यात न्यायला मऊ भात शिजत टाकला. भात शिजेपर्यंत तो दारात उभा राहिला. त्यानंतर त्यानं कोणालाही अर्धवट सांगितलं नाही. दारात जायचं, "बस जरा" म्हणायचं, घरची बाई बसली की सरळ सांगून टाकायचं. पुढच्या वेळी त्यालाच पाठवलं, त्याच्या पुढच्या वेळीही त्यालाच. त्याचा हात बसलाय, असं लोक म्हणू लागले. जसं काही तो साच्यांचं कामच शिकला होता.

कामगारांची वस्ती म्हणजे एकच लांब गल्ली. तिथं त्याच्या नावाला आणखी एक अर्थ चिकटला. एखाद्या घरचा माणूस गेला, तर 'त्यांच्याकडे थंड्या येऊन गेला' म्हणायचे. नळावर भांडणं झाली की बायका एकमेकींना शाप द्यायच्या, "तुझ्या दारात थंड्या येईल बघ!" तोंडावर मात्र त्या गोड बोलायच्या, "काय थंड्याभाऊ, बरे आहात ना?" आणि बोलताना तो पुढं सरकायची वाट बघायच्या.

त्यालाही ते समजत होतं. म्हणून कधी बरं नाही म्हणून लवकर घरी निघाला, तर तो जेवणाचा डबा सगळ्यांना दिसेल असा हातात धरून चालायचा. डबा हातात असला म्हणजे गडी घरी चाललाय. हात रिकामे असले म्हणजे कोणाचं तरी कपाळ फुटलंय. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा आधी त्याच्या हाताकडे बघायचं.

त्याच्या घरात तेवढं ते नाव कोणी घ्यायचं नाही. बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी, ती त्याला बाबा म्हणायची. तिचं लग्न झालं तेही कारखान्यातल्याच साचेवाल्याशी. जागेची अडचण, म्हणून जावई सासऱ्याकडेच राहायला आला. कारखान्यात त्याला 'घरजावई' म्हणून चिडवायचे आणि तो उलट हसून सांगायचा, "अरे, सासऱ्याच्या घरात राहतो म्हणून तर सुखात आहे. आमच्या दारात कोणी यायची भीती नाही. येणारा आधीच घरात जेवायला बसलाय!"

हा विनोद त्यानं एकदा घरी केला. मुलगी हातातलं पातेलं आपटून उठली. रात्रभर बोलली नाही. सकाळी बापाचा डबा भरताना म्हणाली, "बाबा, एक शब्द द्या."

"काय गं पोरी?"

"कधी काही वेडंवाकडं झालंच, तर तुम्ही सांगायला यायचं नाही. कोणालाही पाठवा. नळावरच्या बायकांना पाठवा. पण तुम्ही नाही. मला बाप एकच आहे, त्याच्या तोंडून मला ते ऐकायचं नाही."

"असं काही होत नाही."

"शब्द द्या."

त्यानं शब्द दिला.

पायामुळे त्याला आता बादलीवर घेत नसत. ओतलेल्या मालाच्या कडा घासायचं काम तो करायचा, कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी आवाज झाला. साच्याची वाळू नीट वाळली नव्हती. आत ओल राहिली की लोखंड पडल्याबरोबर तिची वाफ होते आणि साचा तोफेसारखा फुटतो. साचेवाला म्हणजे जावई म्हणाला होता, अजून थांबू. माल जायची घाई होती, फोरमन म्हणाला, ओता.

तो लंगडत पोचला तोवर जावयावर गोणपाट टाकलं होतं. गोणपाटाखालून एक पाय बाहेर आला होता, त्या पायातल्या चपलेचा अंगठा मुलीनं कालच शिवून दिला होता. बूट मागून मागून मिळाले नव्हते.

मग फोरमन जमिनीकडे बघत म्हणाला, "घरी सांगायला पाहिजे कोणीतरी." आणि सगळ्यांचे डोळे सवयीनं त्याच्याकडे वळले.

"मी जाणार नाही," तो म्हणाला. "पोरीला शब्द दिलाय मी."

कोणी जागचं हललं नाही. तो त्याच्या जुन्या सोबत्याजवळ, क्रेनवाल्याजवळ गेला. "तुझ्या मांडीवर वाढलीय ती. काका म्हणते तुला. तू जा."

क्रेनवाल्यानं हात धुतले, टोपी घातली, फाटकापर्यंत गेला आणि तिथल्या दगडावर बसकण मारली. "नाही रे जमत. पायच उचलत नाहीत. मला काय बोलायचं तेही सुचत नाही. तुझं तसं नाही, तुला सवय आहे."

"सवय?"

"म्हणजे... थंड आहेस तू."

फोरमन मागून आला. आवाज हलका होता, पण घाई तीच होती. "हे बघ, थोड्या वेळात भोंगा होईल. जेवणाची सुट्टी झाली की गल्लीभर बोभाटा होईल. नळावर पाणी भरताना कोणीतरी तिच्या अंगावर फेकेल ही बातमी. तुला चालेल ते?"

नाही, ते त्याला चाललं नसतं. तो निघाला. जाताना त्यानं आपला डबा घेतला. मुद्दामच घेतला. रिकाम्या हातानं गल्लीत शिरला असता, तर एकेका दारात रडारड उठली असती, आणि तो पोचायच्या आधी ती पोरीच्या कानावर गेली असती.

गल्लीत पहिल्या दारातली बाई त्याला बघून ताडकन उठली. मग तिची नजर डब्यावर गेली आणि तिच्या जिवात जीव आला. "काय थंड्याभाऊ, आज लवकर?" तो नुसता मान हलवून पुढं गेला. पुढच्या दारांत कोणी तांदूळ निवडत होतं, कोणी पोरीची वेणी घालत होतं. डबा दिसला की थांबलेले हात पुन्हा चालू व्हायचे. कोणीतरी पाठीमागून म्हणालं, "घरी चाललाय, घरी." एवढी निश्चिंत गल्ली त्यानं कधी बघितली नव्हती.

त्याचं दार उघडंच होतं. मुलगी खाली बसून नवऱ्याच्या सदऱ्याला बटण लावत होती.

"बाबा! बरं वाटत नाही का?" म्हणत ती उठली आणि त्याच्या हातातला डबा घेतला. "हे काय, जड लागतोय. जेवला नाहीत? तुमच्या जावयानं तरी खाल्लं का, का त्यांनाही आजची भाजी नाही आवडली?"

वाटेत त्यानं शंभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते रोजच्या सवयीचं.

"बस जरा."

हे दोन शब्द गल्लीतल्या सगळ्या बायकांना पाठ होते. ती बसली नाही. डबा तसाच हातात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं ती बघत होती.

"लागलंय का गेले?"

"गेला," तो म्हणाला.

ती भिंतीला टेकली. त्यानं पुढं होऊन हात केला, तशी ती अंग चोरून बाजूला झाली. "तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. "जरा बाहेर बसा."

तो बाहेर पायरीवर बसला. भोंगा झाला. पाठोपाठ गल्लीला कळलं, आणि बायका पदर सावरत धावत आल्या. एकेक जण त्याला ओलांडून आत जात होती. त्याचाही जावई गेलाय, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल तरी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

आतून एकीनं रडवेल्या आवाजात विचारलं, "कोण आलं होतं गं सांगायला?"

"थंड्या," मुलगी म्हणाली.

आणखी बायका येत होत्या. त्यांना आत जायला वाट व्हावी म्हणून त्यानं आपला दुखरा पाय जवळ ओढून घेतला.