पिंजऱ्यात घातलेलं पत्र

हे घडलं २००९ साली, इंग्लंडातल्या फ्लीटवूडला. बंदरातल्या मासेमारीच्या बोटी तोवर संपल्या होत्या. विल्फ थ्रेलफॉलने जन्म त्या बोटींवर काढला, आणि अर्धांगाचा झटका आल्यावर तो खिडकीशी खुर्चीत बसला तो बसलाच. त्याला उचलणं, धुणं, भरवणं, सगळं हिल्डाच्या अंगावर. तिला सत्त्याहत्तरावं लागलं होतं. नवऱ्याला वृद्धाश्रमात टाकायचं नाही, एवढं एकच तिने धरून ठेवलं होतं.

शेजारची नोरा तिच्या मागे लागली. "अगं, आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला सरकार भत्ता देतं. अर्ज कर."

"या वयात हात पसरू?"

"पसरायला हात उरलेत कुठे तुझे? विल्फला उचलून निखळायला आलेत."

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?" विल्फ खुर्चीतून म्हणाला.

हिल्डाला सहा वर्षांची असतानाची एक सकाळ आठवली. बाप बेकार होता. मदत द्यायची की नाही हे ठरवायला सरकारी माणूस येणार म्हणून आईने घड्याळ आणि दोन चांगल्या खुर्च्या शेजारी लपवल्या. तो माणूस उरलेल्या एकाच खुर्चीवर बसला आणि सकाळी अंडं कोणी खाल्लं ते विचारू लागला. आई उभी होती.

तरीही विल्फसाठी हिल्डाने अर्ज भरला. महिन्याने पत्र आलं. तुम्ही भत्त्यास पात्र आहात, परंतु पेन्शन मिळत असल्याने तो देता येणार नाही. हिल्डाने 'येणार नाही' तेवढंच वाचलं. कान तापले. तिने पत्र मापाने कापलं आणि हिरव्या पोपटाच्या पिंजऱ्यात तळाला घातलं, अक्षरं खाली करून.

"काय आलं गं?" विल्फने विचारलं.

"जाहिरात."

नोराला ती म्हणाली, अजून काही कळलं नाही.

फेब्रुवारीत विल्फला टबातून काढताना तिचा पाय सरकला. दूध द्यायला नोरा आली तेव्हा दोघं फरशीवर होती. हिल्डाचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती इस्पितळात गेली, विल्फ ब्लॅकपूलच्या आश्रमात.

इस्पितळात लोकांना सरकारी मदतीबद्दल सल्ला देणाऱ्या केंद्रातली प्रू नावाची बाई आली. सगळं ऐकून म्हणाली, "आजी, तो नकार यायचाच होता. पण त्यातला 'पात्र' हा शब्द पेन्शनच्या कचेरीत दाखवला, की तुमच्यासारख्या कमी पेन्शनवाल्यांना पेन्शनवर जास्तीची भर मिळते. सकाळी उचलायला बाई ठेवता आली असती."

"नकार घेऊन कोण कुठे जातं?" हिल्डा म्हणाली.

प्रूने पत्राची नक्कल मागवली. नक्कल यायच्या आधल्या गुरुवारी विल्फ न्यूमोनियाने गेला. ज्याची सेवा करायची तो माणूसच उरला नाही, मग कागद कशाला?

नोरा पुढच्या वर्षी लेकीकडे प्रेस्टनला गेली. पत्राचं तिला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रूचं केंद्र बंद झालं, ती शाळेत कारकून झाली. पोपट आणखी दोन वर्षं जगला. हिल्डा सात वर्षं. आलेला प्रत्येक कागद ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायची, जाहिरातीसुद्धा. ती गेल्यावर घर आवरायला आलेल्यांना असे अकरा डबे मिळाले.