रवानगी चालू आहे

"खांबावर चढून गुडघे गेले नाहीत, ते लोकांच्या टेबलांखाली शिरून जाणार," लाइनमन टेबलाखाली स्वतःशीच पुटपुटला. बाहेर त्याचे फक्त तळवे दिसत होते आणि एका मोज्याला भोक होतं.

धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धाकटी म्हणजे घरातली चव्वेचाळीस वर्षांची लेक. केस पिकले तरी हाक तीच राहिलेली. तिचं डोकं सकाळपासून तापलं होतं. अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं एक कायमचं काम निघालं होतं. तिने नमुन्यादाखल वाचलेली तीन प्रकरणं चार वाजेपर्यंत इंटरनेटवरून तिकडे पोचायला हवी होती. आता अडीच वाजले होते, आणि पहिलंच प्रकरण सात टक्क्यांवर बैठक मारून बसलं होतं. इंटरनेट कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावरची मुलगी तीनदा म्हणाली होती, बंद करून चालू करा. धाकटीने ते इतक्या वेळा केलं होतं की कॉम्प्युटरचं बटण खिळखिळं झालं होतं. चौथ्या फोनला तिने असा काही आवाज चढवला, की तासाभरात लाइनमन दारात.

तो कण्हत बाहेर आला, भिंतीवरच्या डबीला स्वतःचं यंत्र जोडून बघितलं आणि म्हणाला, "ताई, नळाला पाणी धो धो आहे. तुमच्याच घरात कुणीतरी बादली लावून बसलंय."

"घरात आम्ही दोघीच आहोत," धाकटी फणकारली.

मग त्याला पडद्याच्या कोपऱ्यात गोल गोल फिरणारा हिरवा बाण दिसला. तो माऊस तिकडे नेणार, तोच स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. "त्याला हात लावू नका. यांची रवानगी चालू आहे."

लाइनमनने धाकटीकडे पाहिलं. सांगणं भाग होतं, म्हणून तिने चार वाक्यांत उरकलं. बाबा घड्याळजी. हात थरथरायला लागल्यावर ते या कॉम्प्युटरसमोर बसून बोलायचे आणि ते बोलणं त्यात मुद्रित करून ठेवायचे. कुठलं घड्याळ कसं उघडायचं, कुठल्या गिऱ्हाइकाने कसं छळलं, असं वर्षभर. ते गेले त्या आठवड्यात दादाने ही सोय करून दिली. सगळं आपोआप माझ्याकडे येत राहील, आई, तू फक्त रोज कॉम्प्युटर लावत जा, असं सांगून तो परदेशी परत गेला. त्याला आता दोन वर्षं होत आली.

पुढचं तिने सांगितलं नाही. दादा परत आला नव्हता, आणि हळूहळू फोनही आटले होते. आई मात्र रोज सकाळी चष्मा घालण्याआधी कॉम्प्युटर लावायची. बाणाशेजारी 'एक्केचाळीस दिवस बाकी' असं दिसायचं. दुसऱ्या दिवशीही एक्केचाळीसच. आपण रात्री भिंतीवरचं बटण बंद करतो म्हणून बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, असं आई म्हणायची. बंद न करावं तर तापून पेटेल, ही भीती. जन्मभर घड्याळजीच्या घरात राहिलेल्या बाईला तो आकडा जागचा हलत नाही हे दिसत नसेल? दिसत होतं. धाकटीलाही दिसत होतं. पण बाणाच्या आत काय आहे ते बघायला कोणी गेलं नव्हतं.

"नुसतं आत बघतो," म्हणत लाइनमनने बाण दाबला. एक लांबच लांब यादी उघडली. प्रत्येक ओळीला तारीख वेगळी आणि मजकूर तोच. धाकटीने त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"काय म्हणतंय?" आईने विचारलं.

"काही नाही. जुना आहे कॉम्प्युटर."

"कधी कधी ईमेलने कळवलेलं भलत्याच डब्यात जाऊन पडतं," लाइनमनने शहाणपणाने जोड दिली. "माणसाला दिसतच नाही."

"आणि दादाला कामातून मान वर करायला फुरसत नसते," धाकटी म्हणाली, आणि तिला स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटली. दोन वर्षं ती हेच करत होती. त्याच्या कामाचा ताण, तिकडची वेळ, पोरांच्या परीक्षा. कारणं हिने शोधायची आणि आईने मान डोलवायची. त्याच्या वाटची लाजसुद्धा हिनेच वाहायची. आणि आज तिचं काम हातचं जात होतं, ते याच्यापायी.

आई पदराला हात पुसत पुढे आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

"तू लोकांसाठी पुस्तकं वाचणार ना? मग मला हे वाचून दाखव. मोठ्याने."

"आई, जाऊ दे ना."

"वाच म्हटलं ना."

धाकटीने वाचलं. ध्वनिमुद्रणासाठी लावते तोच स्वच्छ, सपाट आवाज लागला. "समोरच्या खात्यातली साठवणुकीची जागा भरली आहे. सामान परत पाठवले आहे. खात्याच्या मालकाला कळवले आहे."

"मालक म्हणजे तुझा दादाच. किती वेळा?"

लाइनमन यादीच्या तळाशी गेला. घसा खाकरून म्हणाला, "सहाशे बारा, बाई."

आईने बाणाकडे बघितलं. तो अजून तितक्याच उत्साहाने फिरत होता. तिचा चेहरा असा लाल झालेला धाकटीने पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"सहाशे बारा वेळा यांना दारातून परत पाठवलं त्याने," आई म्हणाली. "त्याला सगळं कळलंय. त्याला हे नकोत आणि आपणही नकोत. थांबव ती रवानगी. तुझं जाऊ दे पुढे, यांना घरीच राहू दे."