तान्ह्या पोळ्याचा मुका फोटो

ओट्यावरून झाकण पडलं आणि खणखणत गोल फिरलं. हर्षितचं तिकडे लक्ष नव्हतं. तो कम्प्युटरसमोर बसून माझं वर्णन ऐकायला थांबला होता, आणि माझ्याबद्दल एकच शब्द ऐकू आला होता, ‘चित्र.’

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. हुडकेश्वरच्या तान्ह्या पोळ्यात, मुलांच्या लाकडी बैलांच्या स्पर्धेत माझा जन्म झाला. माझ्यात छोटी गुंजन आहे आणि तिने सजवलेला बैल. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने मला वेबसाइटवर लावलं. लोकांनी मतं देऊन पहिला बैल निवडायचा होता, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत. माझं कौतुक पुष्कळ झालं. पण गुंजनच्या बाबांना, हर्षितला, जन्मापासून दिसत नाही. त्याचा कम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवतो. फोटोमागे वर्णन लिहिलं असेल तर तेही वाचतो. माझ्यामागे कोणी काही लिहिलंच नव्हतं.

“मी देऊ का मत?” गुंजनच्या आईने, मिनलने विचारलं.

“तू दाबशील तर ते तुह्यं मत झालं वं. मले माह्यं द्यायचं आहे.”

मिनलने मंडळाच्या चंपतरावांना फोन लावला. वेबसाइट तेच सांभाळत.

“फोटोमागं लिहायचं? आत्ता लिहितो नं बाई!”

त्यांनी खरंच लिहिलं. हात मात्र पत्रिका छापून घेण्याला सरावलेला. हर्षितने ऐकलं, ‘सन्माननीय अध्यक्ष श्री. चंपतरावजी यांच्या शुभहस्ते.’ पुढच्या फोटोवर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच.

“यंदा सगळ्याच बैलांचं नाव चंपतराव ठेवलं काय?” हर्षित हसत सुटला. मग हळूच म्हणाला, “पण आपला कोणता, हे काही समजलं नाही.”

चंपतराव ओशाळले. “तूच करून टाक बाई,” म्हणत त्यांनी पासवर्ड दिला. मिनल घरून वेबसाइटचंच काम करते. तिने माउस बाजूला ठेवला आणि हर्षितसारखी नुसता कीबोर्ड घेऊन, एका जागेवरून पुढच्या जागी नेणारी टॅबची कळ दाबत निघाली. नावाच्या रकान्यात काय भरायचं ते आवाज सांगेना. तिने त्या रकान्याला आवाज वाचू शकेल असं नाव दिलं. मतदानाच्या बटणावर टॅब थांबेचना. ते बटण नव्हतंच, बटणाचं रंगवलेलं सोंग होतं. तिथे तिने खरं बटण बसवलं. पांढऱ्यावरची फिकट राखाडी अक्षरं गडद केली. ती तर शेजारच्या सिंधूताईंनाही वाचता येत नव्हती. मग ती एकेका फोटोमागे लिहीत माझ्यापर्यंत आली.

“गुंजन, सांग गं, आपला बैल कसा आहे?”

“तांबडी झूल. शिंगाले कागदाची फुलं. अन् एक चाक डगमगते.”

मिनलने ते तसंच लिहिलं. हर्षित सगळे फोटो ऐकत ऐकत आला आणि थबकला. घरी तो बैल त्याच्या बोटांखालून गेला होता.

“चाक डगमगते नं? मग हाच!”

त्याने स्वतः कळ दाबली. ‘मत नोंदवलं,’ आवाज म्हणाला.

मित्रांनो, आम्हां फोटोंना लावाल तेव्हा मागे चार शब्द लिहा. आम्ही काय दाखवतो ते लिहा, कोणाच्या शुभहस्ते ते राहू द्या. आणि कधीतरी माउस बाजूला ठेवून बघा.

माझं वर्णन मात्र अजून अर्धंच आहे. त्या संध्याकाळी गुंजन आईच्या मांडीवर चढली.

“आई, बैलाचं लिहिलं. बैलाजवळ मी पण आहो नं? मी कशी आहो, बाबाले काय लिहिशील?”

मिनलने ‘बैलाजवळ गुंजन’ एवढं लिहिलं; पुढचं वाक्य ती अजून लिहिते आणि खोडते आहे.