सहीखालची वेळ

त्या एका सहीच्या बदल्यात विद्याधर पेडणेकरांना मिळणार होतं ते असं : लेकीच्या पासपोर्टचा अडलेला पोलीस रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पुढे जाणार, ठाण्यात गेल्यावर बसायला खुर्ची कायम आणि गणपतीतल्या शांतता समितीवर आणखी एक वर्ष. द्यायचं काय, तर चार ओळींखाली नाव. पेडणेकरांना हे सगळं परवडण्यासारखं वाटत होतं. म्हणून तर त्यांनी हवालदार अनंतला दारात न ताटकळवता सोफ्यावर बसवलं आणि चष्मा शोधायला घेतला.

"वाचायचं काय त्यात, काका? मीच लिहिलंय. अक्षर बघा, शाळेत असतो तर बक्षीस मिळालं असतं."

कागदावर लिहिलं होतं : 'मी, विद्याधर पेडणेकर, वय ६६, निवृत्त पोस्टमन. काल अटकेच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही करताना वयोमानामुळे गोंधळून मी सहीखाली चुकीची वेळ लिहिली.'

पेडणेकरांचं बोट 'गोंधळून' या शब्दावर थांबलं.

माणसाला अटक करताना त्याच्या घरच्या कुणाची, नाहीतर परिसरातल्या एखाद्या प्रतिष्ठिताची फॉर्मवर साक्ष लागते. कायदाच आहे तसा. उपनगरात प्रतिष्ठित पुष्कळ, पण त्यांना वेळ नसतो. पेडणेकरांकडे वेळच वेळ होता. बाजारातून येताना ते ठाण्यात डोकावत, भाजीची पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवत, अर्धा कप चहा घेत आणि समोर येईल त्या कोऱ्या फॉर्मवर सही करत. "फक्त सही, काका. तारीख-वेळ आम्ही टाकतो." अकरा वेळा असं झालं होतं. त्या फॉर्मात पुढे कोणाचं नाव पडतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. प्रतिष्ठित माणसाने फार चौकशा करू नयेत, असं त्यांचं आपलं मत.

काल मात्र अनंत फोनवर होता आणि 'फक्त सही' म्हणायचं राहून गेलं. पेडणेकरांच्या हाताने चौतीस वर्षं रजिस्टर पत्रं वाटली होती. सही झाली की खाली तारीख, तारखेपुढे वेळ. हात थांबला नाही. 'स. १०.२०.'

बाकावर प्रबुद्ध बसला होता, सोसायटीचा पंप बघणारा मेकॅनिक. पायाशी हत्यारांची बॅग. कुठल्याशा बिल्डिंगमध्ये तो पंप दुरुस्त करून गेला आणि वरच्या मजल्यावरच्या बाईच्या बांगड्या दिसेनाशा झाल्या, म्हणून त्याला बोलावलं होतं. "काका, तुमचा व्हॉल्व्ह उद्या बदलतो," तो म्हणाला होता. "इथलं आटपू दे." चांगला हसत बोलला होता.

रात्री त्याच फॉर्मवर अटकेची वेळ पडली : ८.४५. दवाखान्याच्या कागदावर पडलं : 'अटकेपूर्वी जिन्यावरून पडला.' मधल्या दहा तास पंचवीस मिनिटांत प्रबुद्ध ठाण्यात नव्हताच. त्याला जे काही झालं, ते जिन्याने केलं. हिशेब चोख होता, फक्त खाली एका पोस्टमनची वेळ राहिली होती.

"तुम्ही कालच बघितलं नाही?" पेडणेकरांनी विचारलं.

"कोण बघतं साक्षीदाराच्या सहीकडे!" अनंत पुढे सरकला. "आज सकाळी ती फुकटवाली वकीलबाई आली, विधी सेवेची. फॉर्मची कॉपी द्या म्हणे. कायद्याने द्यावी लागते. दिली. तिने फोटो मारला आणि मलाच विचारते, हे दहा वीस काय आहे? वाट लागली ना माझी! दोन वाजता कोर्ट आहे. काका, तुमचं-आमचं काय आजचं आहे? आणि साहेब म्हणाले, अबोलीचा रिपोर्ट टेबलावरच आहे."

आतल्या दारात अबोली उभी होती. नाइट ड्यूटी करून आलेली, डोळे तांबडे. मस्कतच्या हॉस्पिटलात एक तारखेला हजर व्हायचं होतं तिला.

"बाबा, करा ना सही. वयाने होतंच असं."

पेडणेकरांनी पेन उघडलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात संघमित्रा होती, प्रबुद्धची बायको. तिने सोफ्यावरचा खाकी शर्ट पाहिला, आणि आत न येता उंबऱ्यातूनच बोलली. "काका, काल सकाळी तुम्ही ह्यांना तिथे बघितलं ना? एवढंच सांगा. मला दोन मिनिटं भेटू दिलं. ह्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाहीये."

"ताई, जिन्यावरून पडलेत ते," अनंत म्हणाला.

"आम्ही तळमजल्याला राहतो, साहेब. जिना कुठला?"

अनंतने टोपी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली. पेडणेकरांनी बाईकडे पाहिलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणीही त्यांच्या डोक्यात कानापेक्षा तो एक शब्दच जास्त खुपत होता.

"अनंता, चौतीस वर्षं. एक पोचपावती चुकीची म्हणून परत आली नाही माझी. गोंधळून?"

"बरं, तो शब्द खोडू या. 'अनवधानाने' लिहितो."

"राहू दे." त्यांनी कागदाची चौघडी करून खिशात टाकली. "कोर्टात मीच देतो."

अनंतच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. संघमित्रा जिना उतरून गेली. अबोलीने मागून फक्त एवढंच म्हटलं, "मोठेपणाची हौस असेल ना, बाबा, तर एक तारखेनंतर करा."

कोर्टात बाकं भरलेली होती. प्रबुद्धला आणलं तेव्हा तो भिंतीच्या कडेने चालत होता. मॅजिस्ट्रेटबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" प्रबुद्धने मान फिरवून उजवा कान पुढे केला. बाईंना परत विचारावं लागलं. त्याने आधी अनंतकडे पाहिलं, मग म्हणाला, "नाही."

विधी सेवेच्या क्षमा वकील उठल्या. फॉर्मची प्रत पुढे ठेवली. "अटक रात्री पावणेनऊची दाखवलीय, मॅडम. साक्षीदाराची सही सकाळी दहा वीसची. साक्षीदार हजर आहे."

पेडणेकर उभे राहिले. खिशातला कागद छातीपाशी कुरकुरला. मागच्या बाकावरून अनंत हळूच खोकला.

"वेळ लिहिताना चूक झाली का तुमची?" मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं.

किती सोपं होतं! 'हो' म्हणायचं आणि कागद काढायचा. म्हाताऱ्या माणसाच्या चुकीवर कुणी रागावतही नाही, उलट बसायला देतात. पेडणेकरांचा हात खिशापर्यंत गेलासुद्धा.

"वेळ बरोबर आहे, मॅडम," ते म्हणाले. "बाकीचा फॉर्म कोरा होता."

बाईंनी फॉर्मची प्रत पुन्हा जवळ ओढली.

"कोऱ्या फॉर्मवर सही केलीत?"

"हो. हा तेव्हा तिथे बाकावर बसला होता. धडधाकट होता."

"अशा सह्या किती वेळा केल्यात?"

"ही बारावी."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुकाचा अंशही नव्हता. पेडणेकरांना तो थोडासा अपेक्षित होता, हे त्यांना तेव्हाच कळलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. दुसऱ्या हॉस्पिटलात पुन्हा तपासणी, ठाण्यातलं कॅमेऱ्याचं चित्रण जपून कोर्टात हजर करायचं, आरोपीला परत त्या ठाण्यात न्यायचं नाही. मग पेन ठेवून त्यांनी प्रबुद्धला विचारलं, "पुन्हा विचारते. काही तक्रार आहे?"

या वेळी त्याने अनंतकडे पाहिलं नाही. "आहे," तो म्हणाला.

बाहेर पॅसेजमध्ये क्षमाने पेडणेकरांना गाठलं. "आधीची अकरा नावं सांगता येतील, काका? कुणाची होती?"

पेडणेकरांनी आठवायचा प्रयत्न केला. मग लक्षात आलं, आठवण्यासारखं काही नव्हतंच. कोऱ्या फॉर्मवर नावं नसतात.

बांगड्या दहा दिवसांनी त्याच घरात, गादीच्या खोळीत निघाल्या. त्याचा गाजावाजा कुणी केला नाही. प्रबुद्ध सुटला. कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद होता, असं ठाण्याने लिहून दिलं. चौकशी चालू आहे. शिक्षा झाली ती अनंतला, सस्पेन्शनची. ज्यांच्या हुकमाने दहा तास पंचवीस मिनिटं गाळली गेली, ते साहेब त्याच टेबलाशी आहेत. अबोलीच्या रिपोर्टवर शेरा पडला : 'दिलेल्या पत्त्यावर आढळली नाही.' शेऱ्यावरच्या तारखेला ती दिवसभर घरात झोपली होती. मस्कतची जागा दुसऱ्या मुलीला गेली. आता ती मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये जाते, आणि बापाशी कामापुरतं बोलते. ठाण्यातल्या खुर्चीवर दुसरे एक प्रतिष्ठित बसतात. त्यांना वेळ लिहायची सवय नाही.

पावसाळा संपता संपता सोसायटीचा पंप घरघरायला लागला. सेक्रेटरीने प्रबुद्धला बोलावलं. पेडणेकर किल्ली घेऊन खाली गेले. दोघांनी त्या दिवसाचं काही काढलं नाही.

"चालू करा, काका."

मोटर सुरू झाली. प्रबुद्ध उकिडवा बसला, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवलं आणि मूठ सवयीने डाव्या कानाला लावली. आत बेअरिंग कसं फिरतंय ते असंच कळतं. तो ऐकत राहिला. मग त्याने मूठ काढली, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि जागा बदलून उजव्या कानाला लावली.

"बेअरिंग गेलंय," तो म्हणाला.

दुरुस्ती झाल्यावर त्याने सोसायटीची वही पुढे केली. पेडणेकरांनी नोंद दोनदा वाचली, मग सही केली. खाली तारीख घातली. तारखेपुढे वेळ.