कापूस भरलेली घंटा

गादीवाल्या शेठचं दुकानातल्या सगळ्या वस्तूंशी पटायचं, एक आगीची घंटा सोडून. तीही आतली नव्हे, बाहेर भिंतीवरची. गिऱ्हाईक गादीवर आडवं होऊन डोळे मिटणार, तेवढ्यात चाचणी सुरू व्हायची आणि गिऱ्हाईक टुणकन उठून चालतं व्हायचं.

"आत एक आहे ना? मग रस्त्याला कशाला सांगायचं?" शेठनी मेहुण्याला विचारलं. घंटा त्यानंच बसवली होती.

"दाजी, आतली आतल्यांना बाहेर काढायला. बाहेरची बाहेरच्यांना आत जाऊ नका म्हणायला. आणि दुकान बंद असताना आग लागली, तर बंबाला फोन कोण करणार? तुमच्या उश्या?"

मेहुण्याचं ऐकलं तर ते दाजी कसले. शेठनी शिडी लावून घंटेत कापूस भरला. हात कारागिराचा, जराही पोकळी राहिली नाही.

एका दुपारी दुकान बंद करून शेठ समोरच्या न्हाव्याकडे बसले होते. गालाला साबण, डोळे मिटलेले. डबीत भुंगा कोंडावा तशी गुणगुण कानावर आली.

"ते मशीन बंद कर रे."

"शेठ, माझ्या हातात वस्तरा आहे. मशीन खुंटीला."

शेठनी डोळे उघडले. आरशात समोरचं दुकान दिसत होतं. शटरच्या फटीतून धूर निघत होता, आणि विसरलेला चष्मा न्यायला आलेली बायको वाकून कुलूप काढत होती.

शेठ साबणासकट धावले. "अगं" म्हणून ओरडले. रस्त्यातल्या निम्म्या बायका वळल्या, हवी ती सोडून. शटर गुडघ्यापर्यंत वर गेलं. तेव्हा शेठनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला नावानं हाक मारली, आणि ती थबकली. हाताला धरून त्यांनी तिला मागं ओढलं.

फोन न्हाव्यानं केला. बंब आला तो घंटेचा आवाज नाही म्हणून सरळ पुढच्या बँकेपाशी गेला. शेठ गळ्यातलं फडकं हलवत त्याच्यामागं पळाले. शेवटी नुकसान मागच्या खोलीतल्या कापसावरच भागलं.

न्हाव्याच्या बाकावर बायको खोकत बसली होती. मेहुणा येऊन शिडीवर चढला आणि घंटेतला कापूस उपसू लागला.

"लग्नापासून 'अगं'वर भागवलंत," बायको म्हणाली. "आज भर बाजारात नाव घेतलंत."

"तुला ऐकू जात नव्हतं."

"आत्ताही नीटसं येत नाहीये," ती म्हणाली. "पुन्हा घ्या बघू."